पुढे पळणारा

जळकोट तालुक्यात तीन मित्र होते. लांब ढांगा टाकणाऱ्या एकाला सगळे लांब्या म्हणत. दुसरा अंगानं किरकोळ, म्हणून तो बारक्या. तिसरा वयापेक्षा मोठ्या माणसासारखं बोलायचा, कुठलंही काम दोनदा मोजून करायचा. त्याला मित्रांनीच तात्या करून टाकलं होतं. तिघंही भरतीची तयारी करत होते.

लातूर जिल्ह्याच्या टोकाला असलेला हा भाग डोंगराळ. बालाघाटाच्या टेकड्या, मधून वाहणारी तिरू नदी, टेकड्यांवर मुरूम आणि सीताफळीची झुडपं, खाली काळी रानं. इथलं पळणं म्हणजे मैदानातलं गोल गोल पळणं नव्हे. पांदणीतून निघायचं, गायरान ओलांडायचं, टेकडी चढायची, पाझर तलावाच्या पाळूवरून जायचं, खडकाळ उतारानं ओढ्यात उतरायचं आणि परत गावाला यायचं. असा दहा किलोमीटरचा फेरा तिघं रोज पहाटे घालायचे. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरायची आणि शे-दोनशे पावलांत बूट दुप्पट जड व्हायचा.

फेऱ्याच्या कडेला एका निवृत्त गुरुजींचं शेत होतं. गुरुजी पहाटे रानात यायचे, बांधावर बसायचे आणि पोरांची वेळ वहीत टिपून ठेवायचे. भरतीला सोळाशे मीटरच पळायचं असतं. पण गुरुजी म्हणायचे, "ज्याला हा डोंगर पळता येतो, त्याला मैदान जड जात नाही."

फेऱ्यात तिघांची कामं न ठरवताच ठरून गेली होती. सुरुवातीला तात्या पुढे राहायचा. तो कधी उतावळा व्हायचा नाही, त्यामुळे पहिल्याच टप्प्यात कुणाचा दम जायचा नाही. चढ आला की बारक्या पुढे व्हायचा आणि त्याच्या टाचांवर नजर ठेवून बाकीचे दोघं वर पोचायचे. सपाटीला लांब्या सुटायचा आणि त्याला गाठायच्या नादात बारक्या आणि तात्या एरवी कधी पळाले नसते इतक्या जोरात पळायचे. ओढा ओलांडला की मात्र कुणी कुणाचा नसे. तिथून वेशीपर्यंत रोज नवी शर्यत, रोज नवा पहिला.

एका ऑगस्टमध्ये बातमी आली. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की, गावातली काही मंडळी याच वाटेवर दहा किलोमीटरची शर्यत घेणार होती. आजूबाजूच्या तालुक्यांतली पोरंही येणार होती. पहिल्या नंबराला अकरा हजार एक रुपये आणि पळायचे नवे बूट. बाकीच्यांना प्रमाणपत्र.

बक्षीस एकच आहे म्हटल्यावर तिघांच्या मनात एकच विचार आला, पण कुणी तो बोलून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी लांब्या म्हणाला, "माझं अंग दुखायलंय, दोन-चार दिवस येत नाही." बारक्या म्हणाला, "मला मामाच्या गावाला जायचंय." तात्या म्हणाला, "घरी मुगाची रास पडलीय, पहाटे निघता यायचं नाही."

लांब्याचं अंग दुखत नव्हतं. तो दिवस मावळल्यावर एकटाच पळत होता. मागून कुणी येत नसल्यामुळे सपाटीला मनासारखा सुटायचा, पण टेकडी आली की त्याचा पाय आपोआप चालीवर यायचा. पुढे बारक्याच्या टाचा नव्हत्या. बारक्या मामाकडे गेला नव्हता. तो भर दुपारी पळत होता. त्याला आवर घालणारा तात्या नव्हता, म्हणून पहिल्या दोन किलोमीटरांतच सगळा जोर खर्च करून बसायचा आणि शेवटी नडगी धरून लंगडत यायचा. तात्याच्या घरची रास कधीच भरून झाली होती. तो अंधार असतानाच निघायचा आणि घड्याळासारखा एका चालीनं फेरा पुरा करायचा. ती चाल मोडायला लावणारं कुणी नव्हतं. त्यामुळे तो दमायचा नाही आणि वाढायचाही नाही.

तिघंही त्याच वाटेनं जात, फक्त वेळा वेगळ्या. आपल्याला कुणी पाहत नाही, असं प्रत्येकाला वाटे. पण गुरुजींचा मुक्काम रास होईपर्यंत रानातच होता आणि वहीही जवळच होती.

पंधरा दिवसांनी गुरुजींनी तिघांना निरोप धाडला, प्रत्येकाला वेगळा. आपल्यालाच बोलावलंय असं समजून एकेक जण आला आणि बांधावर दुसऱ्या दोघांना पाहून खाली मान घालून बसला.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली. "एकत्र पळत होता तेव्हा तुम्ही तिघंही एक्केचाळीस मिनिटांच्या आत-बाहेर होता. आता लांब्या त्रेचाळीस, तात्या चव्वेचाळीस, बारक्या पंचेचाळीस. तिघांनीही चोरून मेहनत केली. मग वेळ वाढली कामून?"

कुणी बोलेना.

गुरुजींना वर्तमानपत्रातली खेळाची पानं कापून ठेवायची सवय होती. त्यांनी वहीच्या मागच्या बाजूची कात्रणं चाळली. "बरं, एक कोडं घालतो. अविनाश साबळे माहीत आहे ना?"

"आहे की गुरुजी," बारक्या म्हणाला. "आपल्या मराठवाड्याचाच. बीडचा."

"आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. बारावी झाल्यावर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहून आला आणि फौजेतल्या क्रॉस कंट्रीच्या शर्यतींतून पुढं आला. आता तो तीन हजार मीटर स्टीपलचेस पळतो. म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत साडेसात फेरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सोनं जिंकलं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला एका मोठ्या शर्यतीत तो सहावा आला. सांगा, कोणत्या दिवशी तो जास्त जोरात पळाला?"

"सोनं मिळालं त्या दिवशी," लांब्या लगेच म्हणाला. "नाहीतर सोनं कसं मिळालं असतं?"

"सोन्याच्या दिवशी त्याला लागली ८ मिनिटं १९.५० सेकंद. सहावा आला त्या दिवशी ८ मिनिटं ९.९१ सेकंद. तोच भारताचा राष्ट्रीय विक्रम झाला. साडेनऊ सेकंदांचा फरक. त्याच्या वेगानं धरलं तर साठ मीटरच्या आसपास अंतर पडतं."

तात्यानं मनातल्या मनात हिशोब करून पाहिला आणि मान हलवली.

"आता असं कामून झालं ते सांगा."

थोडा वेळ गेला. मग तात्या हळूच म्हणाला, "हांगझोऊला तो एकटाच पुढं होता. पॅरिसला पुढं पाच जण होते."

"बरोबर. त्या पाच जणांनी त्याचं पदक घेतलं असं म्हण, नाहीतर त्याला साडेनऊ सेकंद दिले असं म्हण. आणखी ऐका. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन जायची. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळेनं त्यांची साखळी तोडली. रुपं मिळालं, सोनं गेलं अवघ्या पाच शतांश सेकंदानं. त्या दिवशीही त्यानं स्वतःचा विक्रम मोडला. कुणाच्या मागं पळून मोडला? ज्याच्याकडून हरला त्याच्याच."

गुरुजींनी वही मिटली. "लेकरांनो, तुम्ही एकमेकांपासून काय लपवलंत? पळणं तर लपवता आलं नाही, ते मला दिसतच होतं. तुम्ही फक्त पुढं पळणारा माणूस लपवलात."

लांब्याला हे पटलं, पण पुरतं नाही. तो म्हणाला, "गुरुजी, सराव सोबत करू. पण शर्यतीच्या दिवशी काय? बक्षीस तर एकालाच मिळायचंय. त्या दिवशी कोण कुणाचा?"

"शर्यतीत जिंकायलाच उतरायचं. ढिलाई करणं म्हणजे समोरच्याला फसवणं. पण कशानं जिंकायचं हेही ठरवून उतरायचं." गुरुजींनी आणखी एक कात्रण काढलं, जुनं, पिवळं पडलेलं. "आपल्याकडं जशी डोंगरातली क्रॉस कंट्री, तशी थंड मुलखात बर्फावरची क्रॉस कंट्री असते. पायाला लांब अरुंद पट्ट्या बांधायच्या, दोन्ही हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फ रेटत चढ-उतार कापायचे. काठी गेली की चढावर माणूस लंगडा झालाच समजा. २००६ मध्ये इटलीतल्या तुरीन शहराच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बायकांची जोडीची शर्यत होती. एकीनं फेरा घालायचा, मग दुसरीनं, असं आळीपाळीनं. कॅनडाची सारा रेनर पळत असताना तिची काठी मोडली. बाकीच्या बायका तिला मागं टाकून निघाल्या. तेवढ्यात वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसानं आपली काठी तिच्या हातात दिली. ती तिच्या मापापेक्षा लांब होती, पण काठी होती. तिनं ती घेतली आणि पुन्हा पळू लागली. कॅनडाला रुपं मिळालं."

"चांगला होता की तो माणूस. त्यांचाच होता का?" बारक्यानं विचारलं.

"नाही. तो नॉर्वेच्या संघाचा प्रशिक्षक होता. ब्यॉर्नर होकेन्समोएन त्याचं नाव. आणि नॉर्वेच्या बायकाही त्याच शर्यतीत होत्या."

"त्यांचा नंबर कितवा?"

"चौथा."

लांब्या ताडकन उठला. "म्हणजे या बाबाच्या काठीनं त्याच्याच लोकांचं पदक गेलं की! हा कसला प्रशिक्षक?"

"गेलं असंल," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पदक छोटी गोष्ट नसते, चार-चार वर्षं राबावं लागतं. पण तू मला सांग, ती मोडकी काठी घेऊन मागं राहिली असती आणि नॉर्वेला तिसरा नंबर मिळाला असता, तर तो कशाचा नंबर झाला असता? पळण्याचा का मोडलेल्या काठीचा?"

लांब्या काही बोलला नाही.

"पुढं कॅनडाच्या लोकांनी नॉर्वेला पाच टनांच्या आसपास मेपलचा पाक भेट म्हणून धाडला. मेपल म्हणजे तिकडचं एक झाड, त्याच्या रसाचा काकवीसारखा पाक करतात. पदकाच्या बदल्यात पाक, हा सौदा तोट्याचाच म्हणायचा. पण त्या शर्यतीत पहिलं कोण आलं हे किती जणांना आठवतं? काठी कुणी दिली ते मात्र आजही सांगितलं जातं."

दुसऱ्या दिवसापासून तिघं पुन्हा सोबत पळू लागले. शर्यतीसाठीही त्यांनी रोजचाच करार केला. ओढ्यापर्यंत आळीपाळीनं पुढं व्हायचं. ओढा ओलांडला की ज्याचं त्यानं बघायचं.

सोळा तारखेच्या रात्री पाऊस झाला. सतराला सकाळी झेंडावंदन झालं आणि पन्नासेक पोरं वेशीवर उभी राहिली. सोयाबीन पिवळं पडत आलं होतं, तुरी कमरेला लागत होत्या, पांदणीत चिखल झाला होता. वाट दाखवायला आदल्या दिवशी टाकलेली पांढरी फक्की जागोजाग वाहून गेली होती.

शिट्टी झाली. पहिल्या दोन किलोमीटरांतच एक अनोळखी पोरगा सगळ्यांच्या पुढे निघून गेला. तो मुखेडकडचा होता. चिखलात त्याचे पाय असे पडत होते की जणू खाली डांबरी रस्ता आहे. तात्यानं मित्रांना आवरलं. "जाऊ दे त्याला. आपली चाल सोडू नका." गायरान गेलं. टेकडीला बारक्या पुढे झाला आणि तिघांनी मिळून मधल्या सगळ्यांना मागे टाकलं. माथ्यावर पोचले तेव्हा पुढे फक्त मुखेडचा होता, शंभर पावलांवर.

पाझर तलावाच्या पाळूपाशी वाटेला दोन फाटे फुटतात. डावा ओढ्याकडे उतरतो. उजवा तिरूच्या अंगानं लांबवर जातो. तिथली फक्की पुरती धुऊन गेली होती आणि वाट दाखवायला ठेवलेला माणूस पावसाच्या सरीमुळे बाभळीखाली सरकला होता. मुखेडच्या पोरानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि तो उजव्या फाट्याला वळला.

तिघांनीही ते पाहिलं.

कुणी त्याला चुकवलं नव्हतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. दहा-बारा पावलं तिघंही गप्प पळाले. आता पुढे कुणीच नव्हतं. अकरा हजार आणि बूट तिघांपैकीच एकाचे होणार होते.

मग लांब्यानं हाक मारली. "ए मुखेड! डावीकडं! वाट इकडं हाय!"

तो थबकला, वळला आणि धावत परत आला. तोवर त्याची शंभर पावलांची आघाडी संपली होती. उतारावर चौघं एका ओळीत होते आणि ओढ्याच्या पाण्यात चौघांचे पाय एकदमच पडले.

ओढा ओलांडला आणि करार संपला. शेवटचा दीड किलोमीटर लोकांनी पाहिला तो असा की बरेच दिवस गावात त्याचीच चर्चा होती. लांब्या सुटला, मुखेडचा त्याच्या खांद्याला खांदा लावून. एकदा हा पुढे, एकदा तो. मागे बारक्या दात-ओठ खात. वेशीजवळ लांब्यानं उरलंसुरलं सगळं काढलं आणि तरीही दोन पावलं कमी पडली. मुखेडचा पहिला आला. लांब्या दुसरा, बारक्या तिसरा. तात्याला शेवटी अहमदपूरकडच्या एकानं गाठलं, तो पाचवा.

लांब्या गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा होता. भोवती जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "शहाण्या, हाक कशाला मारलीस? गेला असता तो तिरूला!" लांब्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. नवे बूट त्याच्या डोळ्यांसमोरच दुसऱ्याच्या हातात गेले होते आणि त्याच्या पायातल्या बुटाचा तळ उचकटायला आला होता. तो काही बोलला नाही.

गुरुजी वही घेऊन आले. "लांब्या, साडेएकोणचाळीस मिनिटं. या वाटेवर तू आजपर्यंत इतक्या लवकर कधी आला नव्हतास. बारक्या चाळीसच्या आत. तात्या, तुझीही आजवरची सगळ्यांत चांगली वेळ." मग त्यांनी लांब्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो तिरूकडं गेला असता, तर तू पहिला आला असतास. पण ही वेळ कुणाच्या मागं लागून आली असती?"

इतक्यात मुखेडचा पोरगा गर्दीतून वाट काढत आला. बक्षिसाचं पाकीट त्याच्या हातात होतं, बूट काखेत. त्यानं बक्षीस वाटून घेऊ असं म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर लांब्यानं घेतलंही नसतं. तो जरा लाजत म्हणाला, "दादा, तुम्ही तिघं रोज सोबत पळता का? मी वर्षभर रस्त्यानं एकटाच पळायलोय. माझी वेळ काही केल्या कमी होईना. आज तुम्ही शेजारी होता म्हणून शेवटी पाय निघाले. रविवारी आलो तर चालंल का?"

बारक्यानं तात्याकडे पाहिलं. तात्यानं लांब्याकडे पाहिलं. मनातून हरलेला तोच होता.

लांब्या म्हणाला, "ये. पण पहाटे पाचला. उशीर केलास तर थांबणार नाही."

तो दर रविवारी येऊ लागला, जिंकलेले बूट घालूनच. ते बूट पुढे दिसले की लांब्याचा पाय आपोआप उचलला जाई. होळीपर्यंत चौघांचाही फेरा अडतीस मिनिटांवर आला होता. ओढ्यापलीकडे कोण पहिला येईल हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. एका रविवारी हा, दुसऱ्या रविवारी तो.

पुढे गावातली लहान पोरंही त्या वाटेवर पळायला येऊ लागली. त्यांतला एखादा सोबत्याला चुकवून चोरून सराव करताना दिसला की लांब्या त्याला हाताला धरून आणायचा आणि त्याच्यापेक्षा जोरात पळणाऱ्याच्या मागे नेऊन उभा करायचा.

तात्पर्य : ज्याच्याशी आपली शर्यत असते, तोच आपल्याला पुढे नेत असतो. म्हणून त्याला हरवायला जिवाचं रान करावं, पण त्याची वाट चुकली तर हाक मारावी. त्याच्या चुकीनं मिळालेला पहिला नंबर आपल्याला एक पाऊलही पुढे नेत नाही.